धुऱ्यावरचा दगड

किसनराव येरेकरांना कुणी "इथून जवळच आहे" असं सांगितलं की ते जागीच थांबत आणि विचारत, "जवळ म्हणजे किती?"

समोरचा गोंधळे. आमच्या आदिलाबादकडे अंतर सांगायची रीत म्हणजे बिडी संपेपर्यंत, हाकेच्या टप्प्यात, नाही तर हात लांब करून "हे काय, इथंच." येरेकरांना यातलं काहीच चालत नसे. ते भूमापन खात्यात मोजणीदार होते. तेहतीस फुटांची, सोळा आण्यांची लोखंडी साखळी पोत्यात घालून खांद्यावर टाकायची आणि शेतं मोजत फिरायचं, हा त्यांचा तीसेक वर्षांचा धंदा. नाण्यातले आणे गेले, मीटर आले, मग आकाशातल्या उपग्रहाला विचारून मोजणारी यंत्रं आली, पण येरेकरांच्या तोंडचे आणे गेले नाहीत. खात्याने दिलेल्या यंत्राला ते 'पोपट' म्हणत. "बोलते बरोबर," ते म्हणत, "पण पढवलं तेवढंच बोलते. मास्तर, तुमच्या वर्गात असे किती आहेत?"

मी मराठी शाळेत शिक्षक. माझ्या घरापासून शाळा एकोणीस साखळ्या सहा आणे आहे, हे मला त्यांनीच सांगितलं, आणि वर "तरी तुमी उशिरा पोचता" असंही.

दिसायला ते काही खास नव्हते. बुटके, काळे, ढोपरापर्यंत चिखलाचे डाग असलेली पँट, आणि चालताना ओठ हलत असत. नवख्या माणसाला वाटे नामस्मरण चाललंय. ते पावलं मोजत असत. देवाधर्माचं त्यांना वावडं नव्हतं, पण देवळात गेले तरी गाभाऱ्यापेक्षा ओसरीची लांबी त्यांच्या जास्त लक्षात राही.

त्यांचा एक किस्सा सगळ्या कचेरीला पाठ होता. गावाबाहेर एका सरकारी इमारतीची कोनशिला बसवायचा समारंभ होता. राजधानीहून कुणीतरी बडी असामी येणार होती. हार, मांडव, बँड, सगळं तयार. येरेकर सकाळीच पाहून आले आणि साहेबांना म्हणाले, "दगड दुसऱ्याच्या वावरात बसला आहे. पावणेदोन साखळ्या सरकवा." साहेब म्हणाले, "आता? बँडवाले आलेत." समारंभ झाला, भाषणं झाली, पडदा दूर झाला. पुढे इमारत तिच्या हक्काच्या जागी उभी राहिली. कोनशिला अजूनही पलीकडे शेतात आहे. शेतकरी तिला म्हैस बांधतो. दगड चकचकीत आहे, नावं कोरीव आहेत, म्हशीला काही त्रास नाही.

हा किस्सा मी आधी सांगतो, कारण पुढे जे झालं त्यात येरेकर स्वतःला हाच टोमणा मारत राहिले. "तो दगड मले दिसला. अन् हा नाई दिसला."

तर हा दुसरा दगड.

तलमडुगुकडच्या एका गावात मारोती नावाचा तरुण एका पाटलाच्या शेतावर राखणीला होता. रानडुकरं कपाशी उधळतात म्हणून राखण. राखणदाराकडे कुऱ्हाड असतेच, जशी माझ्याकडे खडूची पेटी असते. एका सकाळी पोलिसांचं एक पथक त्या शेतावर आलं. कपाशीच्या ओळींत गांजा लावलाय, अशी त्यांना खबर होती. गांजा सापडला नाही. मारोती सापडला. एक गोळी झाडली गेली आणि मारोती गेला.

पोलिसांनी लिहिलं की पथक गाडवाटेवर उभं असताना मारोती कुऱ्हाड घेऊन धावून आला, अगदी अंगावर आला, म्हणून स्वसंरक्षणार्थ गोळी झाडावी लागली. मेलेल्या माणसावर प्राणघातक हल्ल्याचा गुन्हाही नोंदवला. डॉक्टरांनी लिहिलं की गोळी बाजूने, काखेखालून गेली. समोरून म्हणणाऱ्यालाही ते चाले आणि पाठीमागून म्हणणाऱ्यालाही. त्यामुळे सगळं येऊन थांबलं एका प्रश्नावर: मारोती पोलिसांपासून किती लांब होता?

मारोतीच्या मागे त्याची आई होती, सुभद्राबाई. तिचं मागणं पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत एकच राहिलं. "ते ओळ काढा. माहा पोरगा कोणाच्या अंगावर धावून गेला नाई. कोंबडी कापाले लावली तं तो वावरात पळून जाये." कुणाला शिक्षा करा असं मी तिच्या तोंडून ऐकलं नाही. फक्त ती ओळ.

पोलिसांच्या हातून माणूस मेला की त्याची चौकशी पोलिसांनी करू नये, इतकं शहाणपण आपल्या कायद्यात आहे. म्हणून चौकशी महसूल खात्याकडे आली. साक्षीदार मराठी, अधिकारी तेलुगू, म्हणून दुभाषी हवा. खानेसुमारी, मतदान, मतदारयाद्या, ही सगळी कामं जो करतो त्यालाच बोलावलं, म्हणजे मला. आणि अंतराचा प्रश्न म्हणून येरेकरांना.

घटनेला तीन महिने झाले होते. कपाशी वेचून झाली होती. पोलिसांच्या पंचनाम्यात मारोती पडल्याची जागा 'शेताच्या धुऱ्यालगत' एवढीच होती. धुरा म्हणजे शेताचा बांध. अधिकारी गाडीतून उतरले, बूट मातीत जाणार नाहीत अशी जागा शोधून उभे राहिले आणि मला म्हणाले, "विचारा, कुठे पडला?" मी विचारलं. गावातले दहाएक लोक होते. दहाही हात एकाच दिशेला गेले. गाडवाटेच्या कडेला, धुऱ्यावर, शेंदूर लावलेला एक उभा दगड होता. त्यापुढे फुलं होती. कुणीही म्हणालं असतं, हीच ती जागा.

येरेकरांनी साखळी सोडली. एकदा मोजलं, उलट दिशेने पुन्हा मोजलं. दगडापासून पोलीस उभे असल्याच्या जागेपर्यंत दहा आणे. साडेवीस फूट. त्यांनी नकाशा काढला, दिशा दाखवली, खाली सही केली. इतका सुबक नकाशा मी सरकारी कागदावर दुसरा पाहिला नाही.

साडेवीस फूट म्हणजे हातात कुऱ्हाड असलेला माणूस दोन श्वासांत अंगावर. पंचनाम्यातल्या 'धुऱ्यालगत' या मोघम शब्दाला येरेकरांच्या नकाशाने फूट आणि आणे दिले. पोलिसांनाही इतकी आशा नसावी.

नंतर त्या अधिकाऱ्यांची बदली झाली. दुसरे आले. चौकशी तपासायची म्हणून त्यांनी साक्षीदारांचे जबाब पुन्हा घ्यायला सांगितले. जागा नकाशात आलीच होती, ती पुन्हा कुणी विचारली नाही. त्यांचीही बदली झाली. तिसरे आले. ते म्हणाले, मला मौका, घटनेची जागा, प्रत्यक्ष पाहायची आहे, अमुक दिवशी सगळे हजर राहा. आम्ही हजर राहिलो. ते आले नाहीत. कलेक्टर कचेरीत मोठ्या साहेबांची बैठक लागली होती, असा दुपारी फोन आला.

म्हणून येरेकर आणि मी पळसाखाली बसलो होतो. दोन वर्षं होत आली होती. नवी कपाशी कमरेइतकी होती. तेवढ्यात सुभद्राबाई आली. हातात पाण्याचा तांब्या, केळीच्या पानावर भाकरी आणि ठेचा. आम्हाला वाटलं ती दगडाकडे जाईल. ती दगडाजवळून पुढे गेली, कपाशीत शिरली, ओळी ओलांडत आत आत गेली, एका ठिकाणी वाकली, पाणी ओतलं, थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग परत येऊन भाकरी दगडापुढे ठेवली.

येरेकर उठले. तिची पावलं मोजणारे त्यांचे ओठ थांबले होते.

"बाई, तिकडं काऊन गेल्या होत्या?"

"पाणी द्याले."

"कोणाले?"

तिने माझ्याकडे पाहिलं. हा माणूस असं काय विचारतोय, अशा नजरेने. "मारोतीले. तिथं पडला ना तो. मुरमाच्या पट्ट्यात. तिथंच घोंगडं टाकून बसे. उठला अन् पडला."

"मंग दगड इथं काऊन?"

"आता सायेब," ती म्हणाली, जणू लहान मुलाला समजावतेय, "पिकात कोणी दगड ठेवते का? तण काढाचा डवरा लागन. दुसऱ्याचं वावर. मेल्या माणसावरून बैल जातीन. दगड धुऱ्यावरच असते."

येरेकरांनी दगडाकडे पाहिलं. मग म्हणाले, "माह्या आजाचा दगड धुऱ्यावर आहे, मास्तर. आजा मेला विहिरीत. विहीर वावराच्या मधात. मले हे ठाऊक होतं. मले हे जन्मापासून ठाऊक आहे."

त्या भागातल्या कुठल्याही पोराला विचारा, तो सांगेल की मेलेल्याचा दगड धुऱ्यावर बसतो. तिथे नांगर जात नाही, पीक येत नाही, येता-जाता हात जोडता येतात. तो मरणाची जागा दाखवायला नसतोच. हे अधिकाऱ्यांना माहीत असायचं कारण नव्हतं. मला माहीत होतं, पण मी दुभाषी होतो, आणि दुभाष्याचं काम शब्दांचं, हे कारण मी त्या दिवशी स्वतःला दिलं. अजूनही कधीकधी देतो.

"पण बाई," येरेकरांनी विचारलं, "त्या दिवशी सगळ्यायनं दगड काऊन दाखवला?"

"मोठे लोक येतेत, दगडाले हात जोडतेत, फोटो काढतेत अन् जातेत. आमाले वाटलं तुमालेबी हात जोडायचे असतीन."

"अन् तुमी? तुमी होत्या ना तिथं?"

"होती. मले कोणी इचारलं नाई. बायायले मांगं उभं केलं होतं."

हे खरं होतं. अधिकाऱ्यांना गर्दी नको होती. साक्षीदार म्हणून पुरुषांना पुढे घेतलं होतं. मयताच्या आईला, ती रडेल आणि वेळ जाईल म्हणून, शिपायाने मागे थांबवलं होतं.

येरेकरांनी पोत्यातून साखळी काढली. मी टोक धरलं. कपाशीतून साखळी ओढणं सोपं नाही, बोंडांना अडकते. मुरमाचा पट्टा लांबून ओळखू येत होता. तिथली माती उथळ, कपाशी जेमतेम गुडघ्याएवढी. दरवर्षी तीच जागा, ती कुठे जात नाही. पट्ट्यापासून गाडवाटेपर्यंत चार साखळ्या दोन आणे. एकशे छत्तीस फूट. त्यांनी उलट दिशेने पुन्हा मोजलं. पुन्हा चार साखळ्या दोन आणे.

"चार साखळ्यांवरून," येरेकर म्हणाले, "शिवीबी नीट पोचत नाई. कुऱ्हाड कुठून पोचन?"

मला वाटलं, आता काम झालं. आता एक अर्ज, एक दुरुस्ती. माझा सरकारी कागदावर विश्वास होता असं नाही, पण इतकी साधी गोष्ट अडेल असं वाटलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी येरेकरांनी आपल्या साहेबांकडे लेखी दिलं की माझ्या पहिल्या नकाशात चूक आहे, जागा चुकीची धरली, दुरुस्त नकाशा सोबत जोडत आहे. साहेबांनी वाचलं आणि चहा मागवला. आमच्या कचेऱ्यांत चहा मागवला की समजावं, काम होणार नाही.

"येरेकर, रिटायर कब हो रहे?"

"चार महिने हैं, सर."

"फिर? आराम से जाओ ना. नक्शा आपका, दस्तखत आपका. अब आप ही बोल रहे गलत है. कल कोई पूछेगा, बाकी नक्शे भी गलत होंगे. तीस साल के सब नक्शे."

येरेकर म्हणाले, "जो गलत है वो बता रहा हूँ, सर. बाकी तीस साल का कोई आके नाप ले."

अर्ज वर गेला, वरून खाली आला. त्यावर शेरा होता: चौकशी या कार्यालयाकडे नाही, सबब अर्जाचा विचार करता येत नाही. ज्या अधिकाऱ्याकडे चौकशी होती त्यांच्याकडे गेले, तर ते म्हणाले, नकाशा या कार्यालयाने काढलेला नाही, भूमापनाकडे जा. भूमापन आणि महसूल एकाच आवारात आहेत. मध्ये एक लिंबाचं झाड आणि पाणपोई. येरेकरांनी मला सांगितलं, "दारापासून दारापर्यंत तीन साखळ्या. माहा अर्ज दोन महिन्यांत पोचला नाई." शेवटी तिसऱ्या अधिकाऱ्यांनी अहवाल दिला: पहिला नकाशा ग्राह्य, गोळीबार स्वसंरक्षणार्थ, मिसल दाखलदफ्तर. निजामाच्या काळापासून आमच्याकडे हा शब्द आहे. दाखलदफ्तर म्हणजे कागद मेला, आता त्याला त्रास देऊ नका.

सुभद्राबाईला हे सांगायला येरेकर स्वतः गेले. मी म्हणालो, टपालाने प्रत जाईलच. ते म्हणाले, "टपालानं नकाशा गेला होता का? मी गेलो होतो." ती त्यांच्यावर ओरडेल अशी माझी समजूत होती. ती एवढंच म्हणाली, "तुमी मोजलं ना नीट? मंग तेच सांगत राहा." गावातल्या एका म्हाताऱ्याने मात्र सोडलं नाही. "काहून हो सर्वेअर सार, आधी पोलिसायची साखळी होती, आता बाईची हाये का?" येरेकर म्हणाले, "साखळी तेच हाये, बाबा. टोक चुकलं होतं."

कुणा वकिलाने सुभद्राबाईची याचिका वरच्या कोर्टात नेली. कोर्टाने बऱ्याच तारखांनंतर एक स्वतंत्र समिती नेमली. तिघे जण: निवृत्त न्यायाधीश, दुसऱ्या राज्यातले निवृत्त पोलीस अधिकारी आणि एक डॉक्टर. येरेकर तोवर निवृत्त झाले होते. स्वतंत्र समिती गावात येणार हे कळलं त्या दिवशी ते माझ्याकडे आले तेव्हा त्यांनी दाढी केली होती आणि शर्टाला इस्त्री होती.

'स्वतंत्र' या शब्दाबद्दल मला आधीपासून शंका असते. गावात मांडव पडला होता. मांडव पोलिसांनी घातला होता. खुर्च्या पोलिसांनी आणल्या होत्या. पाण्याच्या बाटल्या, चहा, बिस्किटं, समितीच्या गाड्या आणि गाड्यांपुढची गाडी, सगळं पोलिसांचं. साक्षीदारांची नावं पुकारायलाही एक हवालदारच होता, आणि आवाज त्याचा खणखणीत होता, त्याबद्दल दुमत नाही. समितीला यात काही वावगं दिसलं नाही. दुसरं करणार कोण, असा व्यवहारी प्रश्न होता. मलाही त्याचं उत्तर देता आलं नसतं. येरेकरांनी चहा घेतला नाही. "साखर जास्त आहे का?" मी विचारलं. "नाई," ते म्हणाले, "पाजणारे जास्त आहेत."

त्यांची साक्ष दुपारी झाली. दुभाषी पुन्हा मीच. पोलिसांच्या बाजूचे वकील तरुण होते, तयारीने आले होते. दोन्ही नकाशे त्यांनी शेजारीशेजारी टेबलावर ठेवले.

"ही सही तुमची?"

"माझी."

"आणि ही?"

"तीपण माझी."

"एका शेताचे दोन नकाशे, दोन अंतरं, सही एकच. मग पहिला नकाशा खोटा होता?"

"खोटा नाही. चुकीचा. चूक माझी."

"म्हणजे तुमच्या मोजणीत चूक होते."

"मोजणी बरोबर होती. दगडापासून दहा आणेच आहेत. आजही जाऊन मोजा. पण माणूस दगडाजवळ पडला नव्हता."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं? मयताच्या आईने. तिचा यात स्वार्थ आहे, हे मान्य?"

मी भाषांतर केलं. येरेकरांनी पहिल्या नकाशावर बोट ठेवलं. "पहिल्या वेळेस मी दगडावर विश्वास ठेवला," ते म्हणाले. "दगडाले कोणी शपथ घातली नव्हती."

मांडवात कुणीतरी हसलं. न्यायाधीशांनी घड्याळ पाहिलं. समितीतल्या डॉक्टरबाईंना मात्र ते पटलं असावं, कारण त्यांनी विचारलं, आपण ती जागा पाहू शकतो का? मोठ्याने बोलल्या त्या दिवसभरात एकदाच. निवृत्त पोलीस अधिकारी म्हणाले, पीक उभं आहे, शेतकऱ्याचं नुकसान होईल. पाटील मागे उभा होता. तो म्हणाला, "होऊ द्या ना सायेब, माही ना नाई." न्यायाधीशांनी पुन्हा घड्याळ पाहिलं. परतीचा रस्ता लांब होता, आणि नेरडीगोंड्याला हायवेवर काम चालू असल्याने वेळ लागतो, असं कुणी तरी सांगितलं. समितीने धुऱ्यापर्यंत जाऊन दगड पाहिला. न्यायाधीशांनी दगडाला हात जोडले. हवालदाराने फोटो काढला.

येरेकर माझ्या शेजारी उभे होते, साखळीचं पोतं छातीशी धरून. समितीपासून मुरमाचा पट्टा चार साखळ्या दोन आणे होता. एवढंच चालायचं होतं.

अहवाल आला तेव्हा जाडजूड होता. पुढे कोर्टाचा हुकूम, मागे परिशिष्टं, मध्ये चांगली चांगली वाक्यं. पोलिसांनी शस्त्र शेवटचा उपाय म्हणून वापरावं. पथकाला अधिक प्रशिक्षण द्यावं. अशा प्रकरणात घटनास्थळ तातडीने सुरक्षित करावं. कुणाचाही विरोध होणार नाही अशी वाक्यं लिहिण्याची एक कला असते, आणि समितीला ती अवगत होती. मारोतीबद्दल एक परिच्छेद होता. मी तो येरेकरांना आणि सुभद्राबाईला वाचून दाखवला: मोजणीदाराचे दोन नकाशे परस्परविरोधी आहेत, सबब दोन्हींवर विसंबता येत नाही, अंतर निश्चित करता येत नाही.

"म्हणजे?" सुभद्राबाईने विचारलं.

"म्हणजे," मी म्हणालो, "तो धावून गेला असंही ते म्हणत नाहीत."

"अन् नाई गेला असं?"

"तसंही नाही."

"मंग ते ओळ?"

ती ओळ होती तशीच होती. गुन्ह्याच्या नोंदीत, पहिल्या अहवालात, पंचनाम्यात. समितीने ती वाढवली नव्हती आणि काढलीही नव्हती. इतक्या लांबून तिघे जण आले, इतके कागद लिहिले, आणि त्या ओळीला हात न लावता वळसा घालून गेले.

मला राग आला होता, आणि मी तो समितीवर काढत होतो, मांडवावर, बिस्किटांवर. येरेकर म्हणाले, "मास्तर, त्यायले दोष देऊ नका. पहिला नकाशा नसता तं दुसरा एकटाच असता." ते खरं असल्यामुळे मला जास्त राग आला. पोलिसांच्या पथकातल्या कुणी, तीन महसूल अधिकाऱ्यांपैकी कुणी, समितीपैकी कुणी, या सबंध प्रकरणात स्वतःची चूक कागदावर लिहून दिली नाही. एकाने दिली. त्या एकाच्या कागदाचा उपयोग इतरांना झाला. चूक कबूल करणारा माणूस आपल्याकडे साक्षीदार म्हणून बाद होतो. मी मुलांना अनेक वर्षं निबंधात उलटं लिहायला शिकवत आलोय.

सुभद्राबाईचं म्हणणं वेगळं होतं. ती येरेकरांना म्हणाली, "तुमी चूक केली, तुमी लिवून देलं. मले तेवढं एक माणूस भेटलं." मग म्हणाली, "पण भाऊ, एकानं भागत नाई ना."

येरेकरांना मी शेवटचं पाहिलं ते एका सोमवारी. सोमवारी कलेक्टर कचेरीत लोकांच्या तक्रारी घेतात. मी शाळेच्या छपराच्या अर्जासाठी गेलो होतो. व्हरांड्यात रांग होती. पेन्शनवाले, रेशनवाले, जमिनीच्या पट्ट्यात नाव चुकलेले. बाकावर येरेकर बसले होते आणि शेजारी सुभद्राबाई. त्यांच्या मांडीवर एक कागद होता. नकाशा नाही, कोऱ्या कागदावर नुसती शेताची हद्द प्रमाणात काढलेली, गाडवाट, विहीर, पळस, बाकी काही नाही. ते बरेच वाळले होते. शर्ट तोच इस्त्रीचा, पण गळ्यापाशी सैल.

"नवा अर्ज?" मी विचारलं.

"नवा. बाईचा. माहा नाई. मी फक्त हद्द काढली."

मग त्यांनी पेन्सिल सुभद्राबाईच्या हातात दिली. "बाई, ही विहीर. हे पळस. हे गाडवाट. आता तुमी दाखवा."

तिने आयुष्यात नकाशा पाहिला नव्हता. कागद तिने आधी फिरवला, पळस कुठल्या बाजूला येतो ते पाहिलं, मग पुन्हा फिरवला. विहिरीवर बोट ठेवलं. बोट हळूहळू आत नेलं, जणू ओळी ओलांडत होती, आणि एका ठिकाणी थांबवलं. तिथे तिने पेन्सिल टेकवली. टिंब केलं.

येरेकरांनी खिशातून पट्टी काढली. टिंबापासून गाडवाटेपर्यंत लावली. डोळे बारीक करून पाहिलं, दुसऱ्या टोकाकडून पुन्हा लावली. मी विचारलं, "किती?" त्यांनी पट्टी तशीच धरून मला दाखवली. चार साखळ्या दोन आणे, केसाएवढाही फरक नाही.

टिंबाच्या खाली त्यांनी लिहिलं: जागा दाखवणार, मयताची आई. मग शाईचं पॅड शोधायला मी इकडेतिकडे पाहू लागलो, तर सुभद्राबाई म्हणाली, "मले सही येते."

इतक्या वर्षांत तिचा जबाब निदान पाच वेळा घेतला गेला होता, दोनदा तर माझ्याच तोंडून. दर वेळी अंगठा. कारण शाईचं पॅड दर वेळी आधीच उघडून ठेवलेलं असायचं.

आतून शिपायाने नंबर पुकारला. कुणी उठलं नाही म्हणून तो बाहेर आला, पुन्हा पुकारला आणि येरेकरांकडे पाहून म्हणाला, "सार, आपका नंबर. जल्दी करो, साब उठनेवाले हैं."

सुभद्राबाई 'सु' काढत होती. उकार खाली नेताना तिने पेन्सिल दाबून धरली होती.

येरेकरांनी मान वर केली नाही. नुसता हात वर केला.

"थांब रे," ते म्हणाले. "बाई सही करून राह्यली."